दादाने ठेवलेली जागा

रविवार

आले एकदाची! स्टुडिओच्या वरची खोली मिळाली आहे. उत्तरेला मोठी खिडकी, खाली जिन्याला लागून डार्करूम, आणि डार्करूममध्ये चक्क वाहता नळ. त्या नळाला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली. गावातल्या जुन्या इमारतींचं पुस्तक निघतंय, फोटो फिल्मवरच काढायचे असा समितीचा हट्ट आहे, आणि ते काम माझं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांसाठी राबले, आता एकदा पुस्तकावर माझं नाव येईल.

मालकीणबाई बोलक्या आहेत. पोट भरलं म्हटलं तरी वाढत होत्या आणि वाढता वाढता थोरल्या भावाबद्दल सांगत होत्या. हे काम आधी दादाकडे होतं. गेल्या वर्षी कमानीच्या बाजारात फोटो काढायला गेला तो परत आलाच नाही. तिवईवर कॅमेरा तसाच उभा होता म्हणे. मी चेहरा पाडला. मनात म्हटलं, बरं झालं, माझ्यासाठी जागा झाली.

सोमवार

जिन्यात दादाचे फोटो लावलेत. पिठाची गिरणी, पुलाच्या पायऱ्या, पाण्याची टाकी आणि मागचं माळरान, कमानीचा बाजार. बघितले आणि दिवस नासला. एक भिंत तिरकी नाही, एक सावली जास्तीची नाही. असं एखादं चित्र मला जमलं असतं तर मी आयुष्यभर त्यावर मिरवलं असतं, आणि या माणसाने हे फोटो जिन्यात टांगलेत.

भर दुपारच्या बाजारात माणूस एकही नाही. मालकीणबाईंना ती जादू वाटते. जादू कसली! भिंगावर काळी काच लावायची आणि शटरची झडप काही मिनिटं उघडी ठेवायची. चालती माणसं फिल्मवर उमटत नाहीत. जो थांबतो तोच उमटतो. हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं, तर म्हणाल्या, हो, दादापण असंच सांगायचा. झालं!

बुधवार

माझे पहिले प्रिंट दाखवले. बाई म्हणाल्या, छान आहेत. पाहुण्यांच्या पोराचं गाणं ऐकून म्हणतात तसं छान. वर म्हणाल्या की माझे जमले नाहीत तर समिती दादाचेच छापणार आहे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

गिरणीसमोर फरशीवर तीन पांढरे ठिपके सापडले. दादाने तिवईच्या पायांसाठी केलेल्या खुणा, पुन्हा नेमकं तिथंच उभं राहता यावं म्हणून. मी माझी तिवई त्यावर लावली. चोरी म्हणायची तर म्हणा. काळं कापड डोक्यावर घेऊन आत बघितलं. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर गिरणी उलटी लटकली होती, आणि तेव्हा कळलं की या चित्रात खोट आहे. सगळ्या रेघा गिरणीच्या दाराकडे जातात आणि दारात काहीच नाही. घरी येऊन बाकीचे फोटो तपासले. प्रत्येकात एक मोकळी जागा, माणसाएवढी. सापडलास की नाही, दादा!

शुक्रवार

बाईंना म्हटलं, गिरणीच्या दारात उभ्या राहता का थोडा वेळ? त्यांचा चेहरा उतरला. दादा तिथं कुणाला उभं राहू द्यायचा नाही, जागा ठेवलीय म्हणायचा. कुणासाठी, ते त्याने सांगितलं नव्हतं.

ठेवेना का. झडप उघडी अडकवली, दारापर्यंत गेले, जीव मुठीत धरून निश्चल उभी राहिले, मग येऊन झडप मिटली. चालताना उमटणार नाही, थांबले तेवढी उमटेन. आता बघतेच.

शनिवार

निगेटिव्हवर मी नाही. गिरणी आहे, दार आहे, दार रिकामं.

डार्करूममधून बाहेर आले तर बाई जिन्यात रडत होत्या, आनंदाने. दादाच्या फोटोत, गिरणीच्या दारात, एक बाई उभी होती. माझा स्कार्फ. माझी पिशवी.

बाई म्हणाल्या, दादाचा फोटो पुरा झाला.

घाबरायला हवं होतं. घाबरले पण. पण त्याआधी पोटात जे दुखलं ते वेगळं होतं. चित्र खरंच सुंदर झालंय. त्याचं.

सोमवार

पुलावर गेले. या वेळी माझ्याच फिल्मवर येईन म्हणून श्वाससुद्धा रोखून धरला. पुन्हा तेच. माझा पूल रिकामा. त्याच्या पुलावर मी.

पाववाल्याने माझ्याकडे बघितलंच नाही. हाका मारल्या, हात हलवले. दमून गप्प उभी राहिले, तेव्हा दचकला. म्हणाला, कधी आलात?

मंगळवार

टाकीपाशीही तेच. बाई जिन्यात माझ्या अंगावरून — अंगातून — खाली उतरल्या. मी चढत होते. थांबले की दिसते. हलले की नाही.

निघून जायला हवं. पण एस.टी.पर्यंत चालत —

बाजार एकच राहिलाय. तो तरी माझा व्हायला हवा.

बुधवार

भर दुपार. कमानीखाली उभी होते. समोर माझा कॅमेरा, आणि काळ्या कापडाखाली कुणीतरी. पायात पुरुषाचे जुने बूट. माणसं त्याच्यातून जात होती.

कापडाखालून हात आला. थोडं डावीकडे, अशी खूण केली.

पळाले असते तर सुटले असते. पण चित्र बिघडलं असतं. जागा बरोबर होती. मी तिथं फार बरोबर —

मी डावीकडे सरकले.

गुरुवार

समिती आली होती. दादाच्या बाजाराच्या फोटोसमोर सगळे थांबले. मग म्हणाले, दादाचंच पुस्तक करू. ही बाई कोण, असं एकाने विचारलं. मालकीणबाईंना आठवेना.

मी शेजारीच होते. ओरडत होते. ओरडताना तोंड हलतं.

आता जिन्यात बसलेय. फोटो मांडीवर. खाली त्याचं नाव आहे. लिहिताना हात हलतो, म्हणून हात दिसत नाही — मनगटापर्यंत — कोपरापर्यंत — पेन्सिल दिसतेय अजून —

त्याच्या नावाशेजारी लिहितेय. दारातली, पुलावरची, टाकीपाशी उभी, कमानीखालची, ही मी. माझं नाव