साध्या सेलमध्ये पडणाऱ्या दोन थेंबांबाबत

प्रति,
मा. संचालक,
बॅटरी संशोधन केंद्र

विषय : लिथियम सेलच्या चाचणीतील लबाडीची चौकशी होणेबाबत.
संदर्भ : चाचणीसाठी स्टीलचे कपाट मिळण्याबाबतचे माझे तीन अर्ज (तिन्ही नामंजूर).

महोदय,

१. मी चाचणीच्या टेबलावर बसून सेलचा फुगवटा मोजतो. सेलमधल्या द्रवात आमच्या विभागाचे पूरक रसायन दोन थेंब घातले, की लिथियमवर सुयांसारखे काटे उगवत नाहीत आणि सेल टिकतो. न घातलेला, म्हणजे साधा सेल, दुसऱ्या दिवशी मरायला हवा. हा फरक दिसला तरच आमचे सहा वर्षांचे काम मान्य होणार आहे. परंतु दोन महिने माझ्यासमोर एकही साधा सेल मेलेला नाही. सबब, त्यांत कोणीतरी चोरून थेंब टाकत आहे.

२. भांडारपालांवर माझा संशय आहे. मला पाहिले की ते कुलूप दोनदा ओढून बघतात. शेजारच्या विभागातील वरिष्ठ हल्ली फार गोड बोलतात, हेही नोंद घेण्याजोगे आहे. सेलमध्ये द्रव भरणाऱ्या तंत्रज्ञ माझ्या पत्नी असल्याने त्यांच्यावर संशयाचे कारण नाही. त्या घरीही मीठ मोजून घालतात.

३. रसायनाच्या बाटलीचे मी रोज गुपचूप वजन करतो. ते रोज नोंदीपेक्षा कमी भरते.

४. वरील मजकूर कालचा आहे. अर्जात खाडाखोड चालत नाही, म्हणून तसाच ठेवला आहे. आज वजनाचा तक्ता पुन्हा पाहिला. मध्यंतरी मी तापाने तीन दिवस रजेवर होतो. टेबलाजवळ कोणीच नव्हते, नोंदी संगणक घेत होता. परत आल्यावर पाहिले, तर बाटलीतली तूट त्या तीन दिवसांत जराही वाढली नव्हती आणि चार साधे सेल रीतसर मेले होते. दोन तर पेटले होते.

५. दोन महिन्यांपूर्वी असाच एक साधा सेल माझ्या तोंडासमोर पेटला. भुवई गेली, डोळा थोडक्यात वाचला. आज जेवणाच्या सुट्टीत मी पत्नींना विचारले, थेंब कोण टाकते. त्या म्हणाल्या, "आधी जेवून घ्या." मी जेवलो.

६. तरी चौकशीची विनंती मागे घेत आहे. भांडारपालांची मनातल्या मनात माफी मागितली आहे. वरिष्ठांबाबत संशय कायम आहे. कपाट मात्र मंजूर व्हावे. सेल पेटला तरी त्यातच बंद राहिला, की थेंब आपोआप थांबतील. तोवर साध्या सेलचे आकडे खरे धरू नयेत, आणि सेल भरणाऱ्या तंत्रज्ञांना त्याबद्दल कोणीही काही विचारू नये.

आपला नम्र व अजून दोन्ही डोळ्यांनी पाहणारा,
(सही)
चाचणी तंत्रज्ञ
दि. १४ मार्च

सोबत :
बाटलीच्या वजनाचा तक्ता
कपाटाचा आराखडा (चौथ्यांदा)