हिरवं झालं ना

मंगळवार, संध्याकाळ. अमरावती

सलीमनं माझी चाचणी बंद केली. मला न विचारता. लिनक्स या फुकट संगणकप्रणालीत छपाईचं पॅकेज आम्ही दोघं सांभाळतो, तो अकोल्यातून, मी इथून, दोघंही फुकट. नव्या आवृत्तीत जुन्या प्रिंटरवर कोरा कागद निघतो. माझी चाचणी तेच पकडत होती, म्हणून आमचं पॅकेज लाल, म्हणजे नापास, दिसत होतं आणि त्याच्यामागं बाकीच्यांची पॅकेजं अडून बसली होती.

फोन केला. "कावून बंद केली?"

"सगळे माह्याच नावानं बोंबलून राहिले होते, भाऊ. आता हिरवं झालं ना?"

"अन् तेल्हाऱ्याले माह्या ताईच्या दुकानात कोरा कागद निघन त्याचं?"

"तिले सांग, अपडेट नको करू."

ताईच्याच प्रिंटरपाशी बसून ती चाचणी लिहिली होती मी. पोरांचे अर्ज छापते ती त्याच्यावर. हिरवं म्हणे. बिघाड आहे तिथंच आहे, बघणारा तेवढा हाकलला.

हिरवं होताच नवी आवृत्ती बाहेर पडली. वर तिच्यासोबत वापरणाऱ्या सगळ्यांना आभाराचा मेल गेलाय, काटेकोर चाचण्यांबद्दल. पहिलं नाव माझं. कशाला?

ताईला फोन लावणार, तेवढ्यात तिचाच मेसेज. "नवीन अपडेट आलं. तुह्यं नाव दिसलं त्यात, म्हणून लगेच टाकून घेतलं."