कपाटावरची काठी

६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. शाळेच्या गणवेशांची शिलाई हातावेगळी होईपर्यंत आईला तीन आठवडे तुझ्याकडे पाठवलं, ते तिला विसावा मिळावा म्हणून. तू तर तिला तिथला सगळा बौद्ध विहार दाखवत सुटलीस. एका सकाळी तीन देवळं, मग बोधिवृक्षाला प्रदक्षिणा, आणि वर म्हणे कठड्याला धरून स्तूपाच्या पायऱ्याही चढली. इथे तिला मोरीपर्यंत जायला माझा हात लागतो. नऊ वर्षं सगळं मी करायचं आणि पायांत बळ यायचं ते तुझ्या दारात.

खरं सांगते, पोटात दुखलं. तू तिथली झाडं सांभाळतेस, तेव्हा मिरवायलाच तिला फिरवतेस असंही मनात आलं. शेजारीण म्हणाली, बरंच झालं की. तिच्याशी दोन दिवस बोलले नाही.

वीस तारखेला तीन आठवडे भरतात. आईला आणून सोड.

राग आहे, तरी माया आहेच.
ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं नाही, तेवढी अक्कल मला आहे.

मी काय मिरवणार? म्हाताऱ्या बोधिवृक्षाच्या फांद्यांना मी टेकू लावलेत, बुंध्याची वाळवी दोन वर्षं खपून घालवली. ते दाखवलं, तर आई म्हणाली, ताईने टेकूंना कापडाच्या गाद्या शिवल्या असत्या, साल सोलली नसती. प्रत्येक देवळात हात जोडले ते तुझ्या पाठदुखीसाठी. माझ्यासाठी काही मागितलंस का विचारलं, तर म्हणे तुझं बरं चाललंय. धापा मी टाकायच्या आणि पुण्य तुझ्या पदरात. जळायचं असेल तर रांगेत माझ्यामागे उभी राहा.

आता मुद्द्याचं. ती आणखी दोन महिने राहते म्हणते. ताईच्या घरात अशी पायी का फिरत नाहीस, असं मी विचारलं. ताईला आवडत नाही, एवढंच म्हणाली. मला काही कळलं नाही. तूच सांग.

रागावलीस तरी पत्र टाक.
तुझी धाकटी

१५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

आई खोटं बोलली नाही. तीन वर्षांपूर्वी ती पडली, तेव्हा मी तिची काठी कपाटावर टाकली, माझ्याशिवाय उठू नये म्हणून. भीतीच होती ती. महिन्याभरात ती बरी झाली, पण काठी मी खाली काढली नाही. मी मशीनवर बसले की ती हाक मारायची. तोंडाने मी वैतागायचे, पण बराच वेळ हाक आली नाही तर मीच आत डोकावून यायचे. ती आपली आपण चालायला लागली तर माझ्याकडे कशाला राहील, हेच डोक्यात.

आज स्टुलावर चढून काठी काढली. खालचं रबर झिजलं होतं, ते बदललं. पार्सलने पाठवते आहे. दोन महिने राहू दे तिला. तुझा हेवा वाटतो तो वाटतोच, त्याला माझा इलाज नाही.

काठी कुठे होती ते आईला सांगत बसू नकोस. तिची खाट त्या कपाटासमोरच आहे, पडल्यापडल्या तिला ती रोज दिसायची.

लोभ थोडा कमी केलास तरी चालेल, तोडू नकोस.
ताई