चांदणीचा उजवा कान

१९ जानेवारी, सकाळी ९
चांदणी गेली. काल संध्याकाळी गेटातून रस्त्यावर गेली आणि पाण्याच्या टँकरखाली आली. तीन वर्षांपूर्वी बायकोने, पद्मावतीने, एका बांधकामावरून दोन गाढवं सोडवून आणली, त्यातली ही तिची लाडकी. बायको काल बहिणीकडे सिकंदराबादला होती, म्हणून खायला घालायचं काम माझ्याकडे होतं. घातलं. रात्री ती परत आल्यावर, गेटची कडी सैल आहे, असं मी तिला सांगितलं.
डावी चप्पल सापडत नाही. गल्लीत कुत्री फार झालीत.

२२ जानेवारी
पद्मावती नीट जेवत नाही. निश्चय: मागच्या भिंतीवर चांदणीचं मोझॅक करणार. आठ बाय सहा फूट. रेल्वेच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला एक गाढव जमणार नाही? होळीपर्यंत तयार. तिचं मन रमेल, कडीचा विषय मागे पडेल. पुढे राहिला तरी मला काय. कडी सैल आहे.

२५ जानेवारी
दिलसुखनगर. टाइल्सच्या दुकानात फुटका माल मागितला. दुकानदार खादरभाई बघतच राहिले. म्हणाले, साब, लोगां फुटी निकली तो वापस लातें, तुमे फुटीच मांग रै. त्यांना कलेतलं काय कळणार.

३ फेब्रुवारी
यादगिरी मिस्त्री भिंतीला प्लास्टर करायला आला. म्हटलं, जाता जाता ती सैल कडी पण बघ. त्याने ओढली, हलवली, वर एक लाथ घातली. मग पद्मावतीसमोरच म्हणाला, गट्टिगा उंदि सार, एकदम मजबूत, दहा साल काही होत नाही.
पद्मावती चहा ओतत होती. ओततच राहिली, कप भरून बशीत सांडला तरी.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.४०
बादशहा, म्हणजे उरलेलं गाढव, रोज याच वेळी गेटपाशी येऊन माझ्या खिडकीकडे बघतो. आजही. मी घाबरत नाही. मलकपेठेत रेसचे घोडे बघत वाढलो. पण तो तिथे होता, त्याने सगळं पाहिलंय.
पाहण्यासारखं काही नव्हतंच म्हणा.

१२ फेब्रुवारी
काम अंगणातून जेवणाच्या टेबलावर हलवलं. उजेड बरा आहे. मोझॅक आता चार बाय तीन. भव्यता आकारात नसते.

१४ मार्च, होळी
झालं नाही. बोटाला दोन ठिकाणी टाइल लागली. नवी तारीख पाडवा. आकार दोन बाय दोन.
पद्मावती टेबलाशी येऊन थोडा वेळ उभी राहिली. विचारलं, त्या दिवशी नक्की काय झालं हो? मी म्हटलं, फटी भरायचं ग्राउट संपलंय, आणतो. दिलसुखनगरपर्यंत जाऊन आलो. ग्राउट घरात दोन किलो होतं.

२८ मार्च, दुपारी
मोझॅक भिंतीत बसवलं. पद्धत अशी: तुकडे कागदावर पालथे चिकटवायचे, कागदासकट भिंतीवर बसवायचे, मग कागद ओला करून सोलायचा. पद्धत शिकवणाऱ्या व्हिडिओतली मधली दोन मिनिटं मी पुढे ढकलली होती. चित्र आधी उलटं काढून घ्या, हे त्या दोन मिनिटांत होतं.
खुणेसाठी त्या बांधकामाच्या कंत्राटदाराने दोघांचा एकेक कान कापला होता. चांदणीचा उजवा, बादशहाचा डावा. मी उजवा काढला. भिंतीवर डावा आलाय.
म्हणजे स्मारक बादशहाचं झालं. तो जिवंत आहे. आता एक अंगणातून बघतो, एक भिंतीवरून.

३० मार्च, पाडवा, सायं. ७
पद्मावतीने मोझॅक पाहिलं. कानावरून बोट फिरवलं. मी डिझाइन, आधुनिक शैली वगैरे सुरू केलं. ती आत गेली आणि माझी डावी चप्पल घेऊन आली. धुतलेली. म्हणाली, बादशहाच्या गव्हाणीपाशी पडली होती, त्याच रात्री सापडली. तुम्ही सांगाल म्हणून थांबले. अडीच महिने.
मग सांगितलं. इथेही लिहितो.
१८ जानेवारी, ५.४०. बादशहा ओरडला आणि माझ्याकडे आला. मी घाबरलो. गेटातून बाहेर पळालो. कडी लावली नाही. चांदणी माझ्यामुळे गेली.
ती खूप रडली. मीही. मग तिने डोळे पुसले, चुन्याची बादली माझ्या हातात दिली. नाही, चुन्याची नाही, चाऱ्याची. घाईत लिहितोय. म्हणाली, रोजचं काम आता तुमचं, आज मी गेटपाशी उभी राहते.
आत गेलो. बादशहाने बादलीत तोंड घातलं, माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.
बाहेर आलो. कडी लावली. दोन्ही चपला पायात होत्या.