शिक्क्याखालचं तोंड

सर,

गेल्या आठवड्यात मी तुमची टिफ फाइल केली. ही भाषा तुम्हाला कळणार नाही, आणि कळली असती तरी तुम्ही न कळल्यासारखं केलं असतंत. म्हणून आधी सांगते. कॉम्प्युटरच्या पडद्यावरचं चित्र उजेडाचं असतं, छापायचं चित्र शाईचं. उजेडात तीन रंग, शाईत चार. उजेडातलं शाईत आणायचं, मोठं करायचं, कडेला कापायला जागा सोडायची, अक्षरं हलणार नाहीत अशी बांधायची आणि मशीनला गिळता येईल अशा फाइलमध्ये भरायचं, हे माझं काम. कळंबच्या एसटी स्टँडजवळ माझं फ्लेक्सचं दुकान आहे हे तुम्हाला माहीत होतं. एकदा आला होतात. पायरीवरूनच आत डोकावलात. मशीनमधून एक पुढारी कमरेपर्यंत बाहेर आला होता, त्याच्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "ज्याला काढता येत न्हाय, ते छापतंय." पाणीही न पिता गेलात.

त्या वाक्याचा मला तेव्हा राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही. पण गिऱ्हाइकं बघितली की तेच वाक्य माझ्या जिभेवर येतं. कुणा भाऊचा वाढदिवस असतो, आणि भाऊचा फोटो ह्या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरून इतका झिजलेला असतो की नाक कुठं संपतं आणि मिशी कुठं सुरू होते ते भाऊच्या आईलाही सांगता येऊ नये. तो फोटो ह्यांना चौकात विजेच्या खांबाएवढा हवा असतो. "मोठा करा की ताई, मशीन हाय ना." त्याहून वाईट म्हणजे बंगल्यांची चित्रं. घर बांधायच्या आधी ते बांधल्यासारखं कॉम्प्युटरवर उभं करून दाखवतात, त्याला रेंडर म्हणतात. ज्या गावात चैत्र लागला की टँकरसमोर हंडे मांडतात, त्या गावातल्या बंगल्यापुढे हिरवीगार हिरवळ, माडाची झाडं, परदेशी गाडी आणि कुत्रं फिरवणारी एक गोरी बाई. वर जे निळं आभाळ असतं ते ढोकीच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॉल्यांच्या धुरळ्यात, आजवर कुणी पाहिलेलं नाही. शाईला तसला निळा जमतच नाही. फाइल चार रंगांत नेली की आभाळ खाली बसतं, मग ही माणसं भांडायला येतात, "मोबाइलवर तर झकास दिसतंय!" मी नुसती बघते. परवा एकजण म्हणाला, "ताई, तसं बघू नका, आमी काय चोरी केली न्हाय."

ह्या बंगल्यांचा मोठा कारखानदार म्हणजे तुमचा एक विद्यार्थी, शाळेत माझ्यापुढे एक वर्ष. आता गावात सगळे त्याला इंजिनिअर म्हणतात. तुमच्या तासाला हा पोट दुखतंय म्हणून घरी पळायचा. आता तो माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष आहे, आणि शाळेच्या चित्रकलेच्या हॉलला तुमचं नाव द्यायचं ह्या मंडळाने ठरवलं आहे. मंडळात तुमचा मार खाल्लेले आहेत, तुमची नक्कल करून टाळ्या मिळवलेले आहेत, आणि तुम्ही ज्यांची वही खिडकीतून बाहेर फेकलीत तेही आहेत. सगळ्यांना तुमच्याबद्दल फार आदर आहे. मेलेल्या माणसाचा आदर करायला पोटात दुखत नाही.

इंजिनिअर पेन ड्राइव्ह घेऊन आला. हॉलच्या भिंतीवर लावायला तुमचं भलंमोठं चित्र, तुमच्या पत्नीच्या, आमच्या काकूंच्या, हातून पडदा बाजूला करायचा. अडचण एवढीच की तुमचा फोटो कुणाकडेच नव्हता. तुम्ही काढूच दिला नाहीत. शाळेच्या ग्रुप फोटोलासुद्धा तुम्ही कॅमेऱ्यामागे उभे राहून आमच्या रांगा सरळ करायचात आणि म्हणायचात, फोटो म्हणजे आळशी माणसाचं चित्र. शेवटी शाळेच्या जुन्या ओळखपत्रावरचा एक नखाएवढा फोटो सापडला, आणि त्याच्यावर शाळेचा गोल शिक्का, बरोबर तुमच्या तोंडावर. डोळे होते, कपाळ होतं, नाकाखाली मिशीची वरची कड होती आणि त्याखाली जांभळी शाई. इंजिनिअरच्या ऑफिसात जिथे बंगले उभे करतात तिथेच मग तुम्हाला उभं केलं. जे शिक्क्याखाली गेलं होतं ते कॉम्प्युटरने आपल्या मनाने भरलं.

मी फाइल उघडली आणि हसूही आलं, किळसही आली. तुम्ही गोरे. आमच्याकडे माणूस मेला की गोरा होतो, श्रद्धांजलीचा एकही बोर्ड मी सावळा छापलेला नाही. गाल गुळगुळीत, कपाळावर बंगल्याच्या काचेवर पडतं तेच ऊन, आणि मिशीखाली दातांची ओळ. तुम्ही हसत होतात. टूथपेस्टच्या डब्यावर शोभावं तसं, ऐसपैस.

तुम्ही हसत नव्हतात, सर. तुमचं तोंड कसं व्हायचं ते मी माझ्या शत्रूलाही दाखवणार नाही. आठवीत असेन. तुम्ही टेबलावर तांब्या आणि दोन कांदे मांडले आहेत, आणि मी तांब्याची सावली बाटलीतल्या काळ्या रंगाने भरते आहे. मला वाटतंय, छान जमलं. तुम्ही मागे येऊन उभे राहता. मी मान वर करून बघते तर तुमच्या ओठाचा एक कोपरा खाली गेलाय आणि दुसरा तिथल्या तिथे आहे. कुजकं फळ चुकून हातात आल्यावर माणूस करतो तसं. "काळा इकत आणायचा असतंय व्हय गं? काळा करायचा असतंय." माझी बाटली तुम्ही खिडकीबाहेर ओतून रिकामी केलीत आणि मला निळा, लाल, पिवळा कालवायला बसवलंत. तास संपला, सगळे गेले, मी कालवत बसले. काळा आला तेव्हा तुम्ही त्याच तोंडाने बघितलंत आणि म्हणालात, "हां. आता घाण कर कागद."

तर मी फाइल चार रंगांत नेली. उजेड उतरला, कपाळावरचं ऊन विझलं, गालांची साय निघून गेली. बंगल्यांना मी नंतर थोडा रंग चढवते, गिऱ्हाईक गप्प बसावं म्हणून. तुम्हाला चढवला नाही. उलट होता तोही उतरवला, उन्हात रापलेला तुमचा रंग येईपर्यंत. लहानसा तुकडा छापून इंजिनिअरच्या हातात दिला.

"सर मळकट दिसायलेत," तो म्हणाला. "जरा उजळ मार की."

"सर उजळ नव्हते."

"अगं, हॉलात लावायचंय, पाव्हणे येणारेत. तुला जमत नसंल तर लातूरला छापायला टाकतो."

मी म्हटलं, टाक. पण पडदा काकू ओढणार आहेत, त्यांना आधी दाखवू. मला त्याची जिरवायची होती, दुसरं काही नाही. काकू काय म्हणतील ह्याचा मी विचारसुद्धा केला नव्हता.

तुमच्या स्वयंपाकघरात काकू ज्वारी निवडत बसल्या होत्या. इंजिनिअरने मोबाइल पुढे केला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला. "कुणाचं पोरगं हाय हे?"

"काकू, सर हायेत."

"कोणचे सर?"

इंजिनिअरचं तोंड बघण्यासारखं झालं. मग मी माझा छापील तुकडा परातीशेजारी फरशीवर ठेवला. काकूंनी हात पदराला पुसले आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. "रंग बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "कपाळ बी तेच. पण हे हसायलेत."

"हसू द्या की काकू, चांगलं दिसतंय," इंजिनिअर म्हणाला.

"माझ्याकडं बघून जन्मात हसले न्हाईत. आता भिंतीवर बसून साऱ्या गावाकडं बघून हसायलेत व्हय?" हे त्या अशा बोलल्या की इंजिनिअर उठून अंगणात फोनवर बोलायला गेला. मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "बाई, मला त्यांचं तोंड आठवंना गेलंय. डोळे येतेत, कपाळ येतंय, तोंड न्हाय येत. भिऊन सदा खालीच बघितलं म्या. ह्या भिंतीवर दुसराच कोणी लागला, तर मी मरंस्तोवर त्यालाच नवरा समजंल. तू बघितलंस की त्यांना. ते सांगायचे घरी, एक पोरगी हाय, बोलणी खाताना बी खाली बघत न्हाय. ती तूच न्हवं?"

तुम्ही घरी माझ्याबद्दल बोलत होतात. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा संताप आला. एवढं एक वाक्य मला सांगायला तुमची जीभ झडली असती का? मी दहावीची चित्रकलेची परीक्षा पास झाले तेव्हा तुम्ही मला एक ब्रश दिला होतात, निम्मे केस गळालेला. "फेकायचाच हाय, घे," म्हणालात. लोकांचे गुरू आशीर्वाद देतात. मी तो ब्रश इतकी वर्षं मशीनची धूळ झटकायला वापरते, आणि तुम्हाला हे कधी कळलं नाही ह्याचं मला समाधान आहे.

दुकानात येऊन मी तुमचे दात पुसले. मग ओठ काढायला बसले. मला वाटलं होतं, काय अवघड आहे, ते तोंड माझ्यावरच तर रोखलेलं असायचं. पण निघेना. कोपरा खाली घेतला की तुम्ही रडके दिसायचात. थोडा वर घेतला की सरपंच. भुवयांची जागा मला मिटल्या डोळ्यांनी सांगता आली असती, ओठ मात्र काकूंच्या मनातून गेला तसा माझ्याही गेला होता. एवढा छळ करून माणूस स्वतःचं तोंडसुद्धा मागे ठेवत नाही. मधूनच इंजिनिअरने मोबाइलवर नवीन चित्र धाडलं. तुमच्या डोक्यामागे किरणं, गळ्यात झेंडूचा हार. खाली लिहिलं होतं, ही फायनल. दुपारी लाइट गेली, मग आली, आणि त्यानंतर ओठ एका दमात निघाला. मिशीला नुसता काळा दिला नाही. खाली निळा, लाल, पिवळा घातला. तुमचं ऐकून नव्हे, नुसता काळा फ्लेक्सवर राखेसारखा दिसतो म्हणून. कडा सोडल्या, तुमच्या नावाची अक्षरं बांधली, टिफ केली आणि मशीनला दिली. किरणांचं ते चित्र लातूरला गेलं का ते मी विचारलं नाही. काकूंनी इंजिनिअरला फोन करून सांगितलं होतं, पोरगी जे करंल तेच लावा, न्हायतर मी येणार न्हाय.

समारंभ जसे असतात तसा होता. इंजिनिअर भाषणात म्हणाला, सर आमच्यावर मुलांसारखं प्रेम करायचे. ह्यावर माना डोलल्या. मग काकू उठल्या आणि त्यांनी दोरी ओढली. टाळ्या सुरू झाल्या होत्या, त्या मधेच विरळ झाल्या. तुम्ही भिंतीवरून सगळ्यांकडे बघत होतात, ओठाचा एक कोपरा खाली. पन्नाशीच्या एका माणसाने खिशातला हात बाहेर काढला. काकू तुमच्यासमोर उभ्या होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून नीट केला आणि मला म्हणाल्या, "व्हय. हेच. आता बोलतील बघ कायतरी." ह्या वेळी त्यांनी मान खाली घातली नाही. त्याच फाइलमधून मी त्यांना घरासाठी एक लहान प्रत काढून दिली. ती त्यांनी चुलीच्या वरच्या फळीवर ठेवली आहे, रोज सकाळी आधी तुमच्याकडे बघतात आणि मग चहा ठेवतात.

हे पत्र मी दुकानातच लिहिते आहे आणि ते इथेच राहील. तुमचा पत्ता नाही म्हणून नव्हे. असता तरी तुम्ही लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवलं असतंत. पण एक गोष्ट इथे तरी लिहून ठेवते. त्या दुपारी मी इंजिनिअरचं किरणांचं चित्र कॉम्प्युटरवर उघडून बघत होते तेव्हाच लाइट गेली आणि कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत मला तुमचं तोंड दिसलं. कोपरा खाली, बरोबर तेवढाच. मी हलले नाही. हळूच मोबाइल उचलला, तसाच फोटो काढला, आणि लाइट आल्यावर तो शेजारी ठेवून रेषेला रेष मारली. काकू रोज सकाळी ज्या ओठाकडे बघतात, तो माझा आहे.