वासराचं वासराला

प्रिय सोमारी,

पत्र पाहून हसू नको. तुमच्या गावात फोन लागतो तो त्या एका टेकडीवर, अन् तिथं उभं राहून बोललं की अर्धं गाव ऐकते. शिवाय बोलताना मी भरकटतो. लिहितानाही भरकटतोच, पण कागद मधेच फोन ठेवत नाही.

मागच्या वर्षी मी तुमच्या घरी मोठ्या तोऱ्यात अर्धा किलो पेढे घेऊन आलो होतो. तुझ्या आईनं पुडा उघडला, वास घेतला अन् माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कोणाच्या घरातून चोरूनच आणले. तू हळूच सांगितलंस, आमच्याकडे गाय दोहत नाहीत, दूध वासराचं असते. मले काय माहीत बापा, माझा जन्म आरमोरीत चहा पिण्यात गेला. जे बोलायला आलो होतो तेही पुड्यासोबत परत आलं. बसमध्ये सगळे पेढे एकट्यानं संपवले. पिशवीच्या तळाशी तू गुपचूप टाकलेली मोहफुलं सापडली. काऊन टाकलीस ते तू सांगितलं नाहीस, मीही विचारलं नाही.

मग गोव्याला गेलो. एक ट्रक तिकडे जाऊन राह्यला होता, एवढंच कारण. तिथल्या बेकरीत ट्रे धुताना कळलं, दूध-अंडं न घालताही केक होतो, त्याला वेगन म्हणतात. पहिला घास घेतला अन् तुझी आई आठवली. तू आठवायला पाहिजे होतीस, पण खरं ते लिहितो.

परत आलो अन् हेमराजच्या चहाटपरीमागे जर्मनच्या पातेल्यात वाळू तापवून, वाट्यांमध्ये पळसाची पानं लावून कपकेक केले. हेमराज म्हणे, "अंडा नाई, दूध नाई, मंग फुगवतं कशानं, तोंडानं का?" पहिला घाणा फुगला नाहीच. त्यातला एक त्यानं डुगडुगत्या टेबलाखाली लावला, तो अजून तिथंच आहे. हरिदास तर भांडायलाच आला. त्याच्या सहा म्हशी, गावभर दूध घालतो. "माह्यावर कायचा राग हाय तुले?" म्हणे. चौथ्या घाण्याला मी साखर सोडली अन् तुझी मोहफुलं भिजवून, आटवून त्यांचा पाक घातला. लिंबू पिळून सोडा टाकला. वाट्यांमधले केक टम्म फुगले. मोह म्हटल्यावर हेमराजनं चार खाल्ले अन् झिंग चढायची वाट पाहत संध्याकाळपर्यंत बसला. चढली नाही, तर पाचवा मागितला. हरिदासनं भिंतीकडे तोंड करून तीन खाल्ले अन् म्हणाला, "माह्या म्हशीयले सांगू नको."

तर येत्या रविवारी बारा कपकेक घेऊन येतो. यात कोण्याच वासराचं काही नाही, अन् मोहफुलं तर तुझ्या आईनंच वेचलेली. तिला एवढंच सांग, तो पेढेवाला येऊन राह्यला. तिनं एक खाल्ला, तर मागच्या खेपेचं राहिलेलं बोलीन. तुला मागायलाच आलो होतो, सोमारी. नाही खाल्ला, तर अंगणात बसून राहीन. या वेळी बस पकडणार नाही, ट्रकही नाही. हरिदास साक्षीला येतो म्हणते. त्याला दोनदा आंघोळ करून यायला सांगितलं आहे, दुधाचा वास येतो.

तुझाच, सध्या एका जागी बसलेला,
अंकुश