कामी येणं

इंदिरानगर, नाशिक
९ फेब्रुवारी २०२५

चि. इरा,

आशीर्वाद, आणि तुझ्या कवायतीच्या उस्तादांना दिसणार नाही असा एक पापा.

इकडे सगळं ठीक. थंडी अजून रेंगाळतेय. बाबा कानटोपी घालून बाल्कनीत पेपर वाचतात. तुझी सायकल कुणी चालवत नाही, तरी दर रविवारी पुसतात. माझा गुडघा बरा आहे. परवा फोनवर तू विचारलंस, “आई, पासिंग आउट परेडला येणार ना?” आणि मी गुडघ्याचं सांगितलं. तू “बरं” म्हणालीस आणि फोन ठेवलास. त्या ‘बरं’वर झोप लागली नाही, म्हणून हे पत्र. बोलताना माझी वाचा बसते, तुला माहीत आहे.

माझा जनरल एकदाचा संपत आला. तू होतीस तेव्हा त्या जर्मन चरित्राचा अनुवाद अर्ध्यावर होता. आता प्रूफं आली आहेत. विशीच्या आत लेफ्टनंट, मग कॅप्टन, रेजिमेंट, डिव्हिजन आणि पहिल्या महायुद्धात ‘पायदळाचा जनरल’. त्यांच्याकडे हा एक हुद्दाच होता. प्रकाशनातल्या प्रतिभाताई म्हणाल्या, “पायदळाचा जनरल? का गं, घोडा परवडला नाही त्याला?” बाबा तर चहा देताना रोज विचारतात, “आज तुमच्या साहेबांची बढती झाली का? आमची कुठली!”

पुस्तक सगळं बढत्यांचंच आहे. त्याच्या बायकोचा उल्लेख एकदाच येतो, लग्नाच्या वर्षापुरता. मुलाचा दोनदा. जन्मला तेव्हा, आणि युद्धाच्या पहिल्याच शरदात लेफ्टनंट म्हणून लढताना गेला तेव्हा. पुढच्याच वाक्यात जनरलला पदक मिळतं. मुलासाठी जर्मनमध्ये एकच शब्द आहे, ‘गेफालन’. शब्दशः, पडला.

मी आधी ‘पडला’च लिहिलं होतं. प्रतिभाताई म्हणाल्या, “नुसतं पडला काय? जिन्यावरून? आणि ‘धारातीर्थी’ लिहिशील तर फार भरजरी होईल. ‘कामी आला’ लिही की. लढाईत गेलेल्यासाठी आपला जुना शब्द आहे.” शब्द बरोबर होता. मी लिहिला, आणि दिवसभर तो मनात घोळत राहिला.

ही तू निघायच्या आदल्या दिवसाची गोष्ट, इरा.

रात्री जेवताना बाबा तुला चिडवत होते. “दोन जिने चढायला लिफ्ट लागते, आणि ही म्हणे चेन्नईच्या उन्हात पळणार!” तू हसलीस आणि म्हणालीस, “इथे आईच्या मते मी कशाच्याच उपयोगाची नाही. तिथे तरी कुणाच्या कामी येईन.”

मी हातातला डाव आमटीत तसाच सोडून आत गेले. दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मनमाडला गाडीवर सोडायला आले नाही. तुला वाटलं, आईला तुझं सैन्यात जाणं पसंत नाही. अजूनही तसंच वाटत असणार, आणि मीही ते तसंच राहू दिलं. घाबरलेल्या आईपेक्षा रागावलेली आई दिसणं सोपं होतं. तू मात्र साधं बोलली होतीस. शेजारणीच्या कामी येतात, भाचीच्या लग्नात कामी येतात, तसं. मला त्या घासाला दुसराच अर्थ ऐकू आला.

मनमाडहून परत आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, “गाडी सुटेपर्यंत ती स्टेशनच्या पुलाकडे बघत होती.”

काल प्रूफात ती ओळ पुन्हा समोर आली. मी ‘कामी आला’ खोडलं आणि ‘मारला गेला’ लिहून पाठवलं. प्रतिभाताईंचा लगेच फोन. “फारच उघडं वाटतं गं.”

“उघडंच आहे ते,” म्हटलं.

त्या म्हणाल्या, “तुझी लेक कधी होतेय पास?”

तो शब्द मी जनरलकडून सोडवून आणलाय, बाळा. आता तो तुझा, तू म्हणाली होतीस त्याच अर्थाचा. रोज कुणाच्या तरी कामी ये. संध्याकाळी बूट काढताना पाय दुखतील, इतकी ये.

भीती गेली आहे असं लिहिणार नाही. ती बरोबर आणते आहे, पिशवीत चिवड्याशेजारी. परेडनंतर खांद्यांवर तारे आईवडिलांनी लावायचे असतात ना? बाबांनी उजवा खांदा आधीच बळकावलाय. मी लावताना हलू नकोस. जरा वेळ लागेल, पण लावीन.

आणि हो, या वेळी पुलाकडे बघत बसू नकोस. मी तुझ्याआधी पोचलेली असेन.

तुझ्या डाव्या खांद्याशी उभी राहणारी,
आई